रकमेसाठी डेसिमल की पैशात मोजून बिगइंट? तुमचं मत सांगा

कर्णिकनगरकर: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं बिलिंग नव्याने लिहायला घेतलंय, डेटाबेस मायएसक्यूएल. जुन्या टेबलात सगळ्या रकमा फ्लोटमध्ये (अपूर्णांक अंदाजे ठेवणारा टाइप), त्यामुळे उधारीचं खातं कधी चार पैसे वर कधी दोन पैसे खाली. फ्लोट तर काढणारच. पण माझं मत असं की डेसिमलच्या (पॉइंटनंतर ठरवलेली घरं नेमकी ठेवणारा टाइप) नादी न लागता सगळं पैशात मोजून बिगइंटमध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या टाइपात, टाकावं, १८७.५० रुपये म्हणजे १८७५०, विषय कट.

जुळे_सोलापूर: फ्लोटवर वादच नाही बे. ०.१ बायनरीत नेमका बसतच नाही, आणि चार बाइटच्या फ्लोटमध्ये १,६७,७७,२१६ च्या पुढं तर पूर्ण रुपये पण नीट राहत नाहीत, शेवटी २१७ टाकले की २१६ होतात. पण म्हणून बिगइंट कशाला? मायएसक्यूएलमध्ये डेसिमल(१२,२) ला, म्हणजे एकूण १२ अंक आणि त्यातले २ पॉइंटनंतर, ६ बाइट लागतात आणि बिगइंटला ८, मग वाचवलं काय तू? वर प्रत्येक रिपोर्टात शंभराने भागत बसा. एखादं नवीन पोरगं भागायला विसरलं की मालकाला एक टॉवेल पावणेएकोणीस हजाराचा दिसणार.

कर्णिकनगरकर: भागायचं एका व्ह्यूमध्ये (डेटाबेसात लिहून ठेवलेली क्वेरी) एकदाच, त्यात काय एवढं. आणि डेसिमल घेतलं की झोपा निवांत असं नाहीये लका. टेबल करताना कंस न देता नुसतं डेसिमल लिहून बघ, मायएसक्यूएल ते (१०,०) धरतं, १८७.५० चे गपचूप १८८ होतात, एरर पण नाही. शिवाय नोडचा (जावास्क्रिप्टचा) डेटाबेसशी बोलणारा ड्रायव्हर डेसिमल स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून हातात देतो, पोरं त्याचा नंबर करतात, म्हणजे फिरून तेच फ्लोट.

गल्फ_पार्टी: आमचा माल कुवेतला जातो. तिथं एका दिनारचे १००० फिल्स, पॉइंटनंतर तीन घरं. जपानी येनला एकही नाही. शंभराने भागायचा हिशोब तिथंच झोपला. आम्ही डेसिमल(१९,४) आणि शेजारी करन्सी कोडचा कॉलम, बास.

पोस्टग्रेसवाला: मायएसक्यूएल सोडून पोस्टग्रेस डेटाबेसला या की राव, तिथं मनी टाइप आयताच आहे

जुळे_सोलापूर: तो तर अजिबात नको. रक्कम कुठल्या करन्सीची हे तो ठेवतच नाही, पॉइंटनंतर किती घरं ते सर्व्हरच्या लोकेल (देश-भाषेच्या) सेटिंगवर. बॅकअप दुसऱ्या सेटिंगच्या मशीनवर चढवला की बसा शोधत.

जीएसटी_काका: पोरांनो, भांडताय ते चुकीच्या जागी. १८७.५० च्या टॉवेलवर अडीच टक्के सीजीएसटी काढा, ४.६८७५ येतो. हा ना तुझ्या पैशात बसतो ना याच्या दोन घरात. म्हणजे राउंड कुठंतरी करावंच लागणार, पण कुठं? असल्या चाळीस ओळींचं बिल घ्या. ओळीओळीला ४.६९ केलं तर १८७.६०, तळाला एकदाच केलं तर १८७.५०. दहा पैसे इथं, एसजीएसटी धरला की वीस. आता बिल एका पद्धतीनं छापलं आणि रिटर्नचा रिपोर्ट दुसऱ्यानं काढला, की टाइप कुठलाही असो, फोन मलाच येतो, तो पण नेमका रिटर्न भरायच्या २० तारखेला.

कर्णिकनगरकर: काका हे पटलं. मग असं करतो, सुताचा किलोचा रेट आणि टॅक्सचं मधलं गणित डेसिमल(१८,६) मध्ये, राउंड झालेली अंतिम रक्कम मात्र बिगइंटमध्ये. खात्यात अपूर्णांक नकोच.

जुळे_सोलापूर: म्हणजे एकाच बिलाच्या टेबलात एक कॉलम रुपयात आणि एक पैशात? निदान कॉलमच्या नावात तरी 'पैसे' असं लिही बाबा.

जीएसटी_काका: आणि राउंड-ऑफचा कॉलम वेगळा ठेव. तळाला पूर्ण रुपया करताना ३८ पैसे कुठं गेले ते ऑडिटला दाखवावं लागतं, एकूण रकमेत मुरवून टाकू नको.

गल्फ_पार्टी: हे सगळं ठीक आहे मालक, पण जुन्या फ्लोटमधला डेटा आणणार कसा ते कुणीच बोलेना. नुसतं अल्टर टेबल (कॉलमचा टाइप बदलायची कमांड) मारू नका. आधी प्रत्येक पार्टीचा बॅलन्स छापील बिलांशी ताडून घ्या.