नाशिक : पांडवलेण्यांत थोडे थांबावे

दोन दिवसांच्या नाशिक मुक्कामात काय पाहावे, या प्रश्नावर इतरांनी काळाराम मंदिर, त्र्यंबकेश्वर आणि द्राक्षबागा सुचवल्या आहेत. त्यांत मी पांडवलेण्यांची भर घालतो. नाव ऐकून पांडव शोधू नयेत, ही बौद्ध लेणी आहेत. बहुतेक लोक पायऱ्या चढून छायाचित्रे काढतात आणि अर्ध्या तासात उतरतात, पण तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यापाशी निवांत थांबावे. ओट्याच्या तुळया खांद्यांवर पेलणारे सहा धिप्पाड यक्ष तिथे जमिनीतून अर्धवट वर आल्यासारखे दिसतात, आणि आत व्हरांड्याच्या भिंतीवर गौतमी बलश्रीने आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, याची थोरवी सांगणारा ब्राह्मी लेख कोरवून घेतला आहे. दहाव्या लेण्यात, गौतमीपुत्राने ज्याचा पराभव केला त्या क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाच्या, उषवदाताच्या, दानांचे लेख आहेत. नाशिक जिल्ह्यातल्याच जोगलटेंभीला 1906 साली नहपानाची 13 हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यांतील बहुतेकांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला होता. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला नाणेसंग्रहालय आहेच. लेण्यांची चढण सकाळी लवकर उरकावी, दुपारी कातळ तापतो.