नाइटवाल्या सिस्टरला योगवर्ग हवेत की वॉर्डात तिसरी सिस्टर?

रातपाळी_धायरी:

मी स्टाफ नर्स आहे. चौदा वर्षं झाली, सगळी पुण्यातच. गेल्या आठवड्यात आमच्याकडे ताण आणि झोपेचा पुन्हा एक सर्व्हे झाला. ताणाचे दहा प्रश्न, झोपेची प्रश्नावली वेगळी. 'गेल्या महिन्यात झोप लागायला साधारण किती मिनिटं लागली?' नाइट संपवून, सकाळच्या सिस्टरला ओव्हर देऊन (पेशंटची माहिती सोपवून), पावणेआठला उभ्या उभ्या मी तो कागद भरला. पुढे काय होणार ते माहीत आहे, कारण मागे दोनदा तेच झालं. शनिवारी दुपारी सभागृहात प्राणायाम आणि ताणमुक्तीचं व्याख्यान, हजेरी सक्तीची. ज्यांची आदल्या रात्री नाइट होती, त्यांनी झोप मोडून यायचं.

संशोधनाला माझा विरोध नाही. पण झोप मोजायची, ती पुरत नाही हे सिद्ध करायचं आणि उपाय मात्र जिला झोप मिळत नाही तिच्याच गळ्यात घालायचा, हे थांबलं पाहिजे. कारण वॉर्डात आहे. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००२ चा अमेरिकेतला अभ्यास आमच्या वर्गात शिकवला होता. नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेला पेशंट ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि नर्स पार थकून जाण्याची, म्हणजे बर्नआउटची, २३ टक्क्यांनी. भारतीय नर्सिंग परिषदेचं प्रमाण साध्या हॉस्पिटलात पाच पेशंटना एक नर्स असं आहे. आमच्या मेडिसिन वॉर्डात रात्री २८ पेशंट आणि आम्ही दोघी.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट, सलग सहावी नाइट. पहाटे चारला एका सलाइनमध्ये पोटॅशियम घालायचं होतं. अँप्यूल हातात घेतलं, लेबल वाचलं, परत वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. अक्षरं दिसत होती, पण काय वाचलं ते डोक्यात उतरत नव्हतं. सोबतच्या सिस्टरला हाक मारली. ती म्हणाली, "अगं, औषध बरोबर आहे, पण तू चौदा नंबरच्या कॉटपाशी उभी आहेस, ऑर्डर चार नंबरची आहे." चौदा नंबरच्या आजींची किडनी आधीच खराब होती, ते पोटॅशियम त्यांच्या जिवावर बेतलं असतं. काही झालं नाही. पण पोटॅशियमचं अँप्यूल फोडताना अजूनही माझा हात थांबतो. त्या पहाटे कोणता प्राणायाम उपयोगी पडला असता, ते मला कोणीतरी सांगा.

प्रश्नावलीवाला:

मी सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवतो, म्हणजे असे कागद वाटणाऱ्यांपैकीच एक. सक्तीच्या व्याख्यानाबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. मूळ मुद्द्याशी नाही.

पहिलं म्हणजे या प्रश्नावल्या वेळ काढायला केलेल्या नाहीत. ताणाची मोजपट्टी १९८३ ची, झोपेची १९८९ ची, जगभर वापरतात. झोपेच्या प्रश्नावलीत ० ते २१ गुण असतात आणि ५ च्या वर गेलं की झोप बिघडली असं धरतात. मोजलंच नाही तर 'बायका कुरकुर करतात' यापलीकडे व्यवस्थापनासमोर ठेवायला हातात काय राहतं?

दुसरं, व्यक्तीपुरते उपाय निरुपयोगी आहेत हे खरं नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या ताणावर २०२३ मध्ये कोक्रेन या संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा आढावा आला, त्यात ११७ अभ्यास आहेत. ध्यान, शिथिलीकरण, ताण हाताळण्याचं प्रशिक्षण यांनी ताण कमी होऊ शकतो आणि तो परिणाम काही महिने, कदाचित वर्षभर टिकतो, असं त्यात दिसतं. निद्रानाशावर तर गोळीच्या आधी बोधात्मक वर्तन उपचार, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलण्याचा उपचार, द्यावा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्येच सांगितलं आहे. तिसरी सिस्टर मंजूर होईल तेव्हा होईल. आज रात्री जिची ड्यूटी आहे, तिला आज मिळू शकणारी मदत आपण का नाकारायची?

रातपाळी_धायरी:

सर, निद्रानाश म्हणजे अंथरूण आहे, वेळ आहे आणि झोप येत नाही. मला झोप येते. बसमध्ये दांड्याला धरून उभी असताना येते. मला ती घ्यायला मिळत नाही. हे दोन वेगळे आजार आहेत आणि तुमच्या प्रश्नावलीत दोघींना एकच आकडा मिळतो.

अनुराधा_निवृत्त_मॅट्रन:

छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. माझं बोलणं थोडं कडू लागेल. आमच्या वेळी एका सिस्टरकडे चाळीस-चाळीस पेशंट असायचे. आम्हीही संसार केले, मुलं वाढवली. हा पेशा सेवेचा आहे हे मान्य करूनच आपण टोपी घातली. याच पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विधवांना नर्सिंग शिकवायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी त्यांना काय काय ऐकवलं असेल याचा विचार करा. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करतानाच गेल्या. आताच्या मुली पहिल्याच नाइटला थकवा म्हणतात, याचं मला वाईट वाटतं. तक्रारीचं नाही म्हणत मी, वाईट त्या मनोवृत्तीचं वाटतं.

मात्र एक गोष्ट विचारायची आहे. सलग सहा नाइट कोणी लावल्या? आणि त्यानंतर काय लावलं?

निवासी_तिसरं_वर्ष:

मॅडम, आदर ठेवून सांगतो. सावित्रीबाईंपुढे आपण सगळेच हात जोडतो, पण त्या प्लेग होऊन गेल्या, हेही त्याच वाक्यात आहे. 'आम्ही केलं' याने ते सुरक्षित होतं असं सिद्ध होत नाही. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेला प्रयोग नेचर या विज्ञान नियतकालिकात आला होता. सलग १७ तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखा वागतो. भारतात गाडी चालवायला मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे ज्या अवस्थेत स्वारगेटच्या चौकात पोलीस किल्ली काढून घेतील, त्या अवस्थेत आम्ही निवासी डॉक्टर सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत नळी, टाकतो आणि सिस्टर पोटॅशियम भरतात. तुमच्या वेळीही चुका झाल्या असणार. तेव्हा त्या कोणी मोजल्या नाहीत.

बिबवेवाडीकर:

माझी पत्नी सिस्टर आहे. धागाकर्तीच्या बाजूचाच आहे, पण 'कारण वॉर्डात आहे' हे अर्धंच खरं वाटतं.

मला वर्षानुवर्षं वाटायचं की मी मदत करतो. डबे भरतो, मुलीला शाळेत सोडतो. गेल्या पावसाळ्यात पाय मुरगळला म्हणून चार दिवस घरी होतो आणि ती नाइटवर होती. पहिल्या दिवशी सहज वहीत लिहीत गेलो. ८.३५ ला आली. ८.५० ला कुकर लावला, कारण 'तू पाय घेऊन कुठे उभा राहतोस'. ९.२० ला आडवी झाली. ९.४० दूधवाल्याचं बिल. १०.०५ सिलिंडर, तिनेच उठून पावती घेतली. ११.५५ शाळेतून फोन, मुलीचं पोट दुखतंय. १.१० कुरिअर, तेही शेजारच्यांचं. २ वाजता परत झोपली, तर ३ ला खालच्या मैदानात ढोलाचा सराव सुरू. पाचला उठून स्वयंपाक, कारण तिन्हीसांजेला अंथरुणात बाई दिसली की माझ्या आईला चालत नाही. दिवसभरातली सगळ्यात लांब सलग झोप एक तास पन्नास मिनिटं. खोली वेगळी, पडदे लावलेले, पंखा चालू. आणि मी घरात.

केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८. ही बातमी मी वाचली होती आणि पान उलटलं होतं. वॉर्डात तिसरी सिस्टर आली असती, तरी त्या दिवशी माझी बायको एक तास पन्नास मिनिटंच झोपली असती.

आता बेलची तार काढली आहे. शाळेत पहिला नंबर माझा दिलाय. दूध, सिलिंडर, कुरिअर सगळं शेजारच्या काकूंकडे. आईशी बोलायला मला दोन महिने लागले, तेच सगळ्यात अवघड होतं.

हडपसर_नर्सिंग_होम:

छोटं ३० खाटांचं हॉस्पिटल चालवतो, त्यामुळे दुसरी बाजू सांगावी लागेल. जाहिरात देऊन तीन-तीन महिने सिस्टर मिळत नाहीत. अनुभव आला की मोठ्या हॉस्पिटलात जातात, तिथून आखातात, आता जर्मनीत. विमा कंपन्या आणि सरकारी योजनांचे दर ठरलेले आहेत, त्यात वाढीव पगार बसत नाही. पाचाला एक सक्तीचं केलं, तर मोठी कॉर्पोरेट हॉस्पिटलं टिकतील आणि आमच्यासारखी बंद होतील. मग उपनगरातला पेशंट कुठे जाणार? आणि आहेत त्या सिस्टरच बारा तासांच्या ड्यूट्या मागतात. कात्रजहून रोज येण्यापेक्षा आठवड्यात तीन-चार फेऱ्या बऱ्या, असं त्याच म्हणतात.

प्रश्नावलीवाला:

दोन्ही मुद्दे खरे आहेत, पण त्यांच्यापुढेही काही आहे. बारा तासांच्या ड्यूटीवर बहुतेक नर्स खूश असतात, हे २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. त्याच अभ्यासात लांब ड्यूटी करणाऱ्यांमध्ये बर्नआउटही जास्त होता. मागणी आहे म्हणून ती मानवते असं नाही.

खर्चाबद्दल म्हणाल, तर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्याने २०१६ मध्ये प्रमाणाचा कायदा केला. सकाळी आणि दुपारी चार पेशंटना एक नर्स, रात्री सातांना एक, ही सरासरी. २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा हिशोब आला. पेशंट लवकर घरी गेले, परत कमी आले आणि त्यातून वाचलेला पैसा जादा नर्सवरच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त होता.

हडपसर_नर्सिंग_होम:

सर, तिथे ती सरकारी हॉस्पिटलं. पगार देणारा आणि पैसे वाचलेला एकच, सरकार. माझ्याकडे पेशंट दोन दिवस आधी घरी गेला तर पैसे त्याचे किंवा विमा कंपनीचे वाचतात. सिस्टरचा पगार मात्र माझ्या खिशातून. विमा कंपनी त्या वाचलेल्यातला वाटा मला देईल, तर उद्या तिसरी सिस्टर ठेवतो. हे मी मनापासून लिहितोय.

रातपाळी_धायरी:

हा मुद्दा मला पटला. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. पण मग दरांसाठी भांडायचं आपण दोघांनी मिळून. तुम्ही आमच्या झोपेतून तो फरक भरून काढताय आणि त्याची पावती कुठेच फाडली जात नाही.

बिबवेवाडीकर भाऊ, तुमची वही वाचून रडू आलं. आमच्याकडे बेलवर चिकटपट्टी आहे, तरी लोक दार वाजवतात.

कोथरूडची_मीनल:

नाइट ड्यूटीने ब्रेस्ट कॅन्सर होतो असं वाचलंय. मग बायकांना नाइट द्यायचीच कशाला? बंदच करा ना.

प्रश्नावलीवाला:

'होतो' असं नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला २००७ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. माणसांमधला पुरावा मर्यादित आहे. इतक्या आधारावर घाबरू नये, पण वर्षानुवर्षं सलग नाइट लावूही नयेत.

निवासी_तिसरं_वर्ष:

बायकांना नाइट बंद केली तर रात्री वॉर्डात कोण राहणार? जगात आरोग्यसेवेतले ६७ टक्के कर्मचारी बायका आहेत, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे.

मुळशीची_आशा:

तुमच्याकडे निदान रोटा, म्हणजे ड्यूट्यांचा तक्ता, तरी आहे. आम्हा आशा सेविकांची रात्र कुठे लिहिलेलीच नसते. दोन वाजता फोन येतो, कळा सुरू झाल्यात. रुग्णवाहिका बोलवायची, सोबत जायचं, पहाटे परत आलं की नऊला लसीकरण. आम्हाला 'कर्मचारी' म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात. त्यामुळे कुठल्याही सर्व्हेत आमची झोप येत नाही. पावणेदोनशे घरं माझ्याकडे आहेत. एवढंच सांगायचं होतं.

अनुराधा_निवृत्त_मॅट्रन:

सगळं वाचलं, आशाताईंचं दोनदा वाचलं. 'मनोवृत्ती' हा शब्द मी मागे घेते. सेवेबद्दल जे लिहिलं ते मागे घेत नाही.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून मिळालं नाही. सहा नाइटनंतर काय लावलं?

रातपाळी_धायरी:

मॅडम, सहा नाइट, एक ऑफ, मग दोन दुपारच्या, मग तीन सकाळच्या. ऑफचा दिवस म्हणजे नाइट संपवून घरी आलो तोच दिवस धरतात.

अनुराधा_निवृत्त_मॅट्रन:

हेच ऐकायचं होतं. मी वीस वर्षं रोटा लावला आहे. शरीराला पुढे सरकणं जमतं, मागे सरकणं जमत नाही. म्हणून सकाळ, मग दुपार, मग रात्र असं जायचं. तुमच्याकडे नाइटवरून दुपार, दुपारवरून सकाळ, म्हणजे प्रत्येक वेळी झोप अलीकडे ओढायची. आणि नाइट संपल्याचा दिवस ऑफमध्ये धरणं ही लबाडी आहे. तो दिवस ड्यूटीचाच, ऑफ त्याच्या पुढचा. मी नाइट तीनच लावायची, फार तर चार. याला एकही जादा सिस्टर लागत नाही, फक्त कागद घेऊन दोन तास बसावं लागतं. तिसरी सिस्टर मागू नका असं म्हणत नाही, मागाच. पण ती येईपर्यंत मुलींना व्याख्यानाला बसवण्यापेक्षा इन्चार्जला रोटा लावायला शिकवा.

प्रश्नावलीवाला:

मॅडम, रोटाची दिशा आमच्या कागदात विचारलेलीच नाही. 'शिफ्ट ड्यूटी आहे का: हो / नाही' एवढंच आहे. पुढच्या वेळी सलग नाइट किती आणि त्यानंतर काय, हे दोन प्रश्न घालतो. दिवसा सलग किती झोपता, हेही.

रातपाळी_धायरी:

सर, 'घरात बेल कोण उघडतं' हेही घाला.

मॅडम, मी आमच्या तीन महिन्यांचा रोटा वहीत उतरवून काढला आहे. तो तुमच्या पद्धतीने कसा बसेल ते उद्या दुपारी तुम्हाला फोन करून विचारू का? दोननंतर करते, तोवर झोपून घेईन म्हणते. आज नाइट आहे, ३१ पेशंट आहेत. सातची बस गाठायची आहे, निघते.