प्रतिसाद: १९४२-४५ची चांदीमिश्रित अमेरिकी ‘निकेल’ (पाच सेंटची) नाणी

१९४२ ते ४५ साल असलं की निकेल चांदीचं, असं वर म्हटलंय, ते १९४२ला फसतं. त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत चांदीमिश्रित आणि साधी (तांबं-निकेलची) अशी दोन्ही नाणी पडली, डेन्व्हरच्या टाकसाळीची मात्र सगळी साधीच. म्हणून आधी मागची बाजू बघा: मॉन्टिसेलोच्या (तिथे कोरलेल्या जेफरसनच्या घराच्या) घुमटाच्या वर पी, डी किंवा एस हे टाकसाळीचं अक्षर ठळक असेल तरच चांदी. १९४४चं घुमटावर अक्षर नसलेलं नाणं दिसलं तर ते हेनिंग नावाच्या नकली नाणी पाडणाऱ्याचं गाजलेलं बनावट असू शकतं.

धातूचा हिशोब सोपा आहे. ५ ग्रॅममध्ये ३५% चांदी, म्हणजे १.७५ ग्रॅम, वीस नाण्यांत ३५ ग्रॅम. पण बाकी ५६% तांबं आणि ९% मँगनीज, त्यामुळे गाळणं खर्चिक पडतं आणि व्यापारी पूर्ण भाव देत नाहीत.

काळपटपणाही मँगनीजचाच. चिंच, पितांबरी अजिबात नको! घासलेलं नाणं संग्राहकाच्या लेखी फक्त धातू उरतं. हळद-कुंकवाच्या डबीतही ठेवू नका. पीव्हीसी नसलेलं पाकीट घ्या.

जादा पैसे मिळतात ते पायऱ्यांचे. भिंगाखाली मॉन्टिसेलोच्या पाच-सहा पायऱ्या अखंड, सलग दिसल्या पाहिजेत. १९४३-पीवर ३च्या आकड्याखाली दबलेल्या २ची खूण दिसते का, तेही तपासा.