कडक शिक्षेने खरेपणा येतो का?

कडक शिक्षेशिवाय मुले खरे बोलायला शिकत नाहीत, असे अनेकांना वाटते; या मताशी मी सहमत नाही. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या मानसशास्त्र संशोधकांच्या २०११ च्या अभ्यासात, पश्चिम आफ्रिकेतील मारझोड करणाऱ्या शाळेतली मुले अधिक खोटे बोलली आणि ते अधिक सफाईने निभावूनही नेले. ती मुले तीन-चार वर्षांची होती, हे मान्य. परंतु ८ ते १६ वयोगटावरील २०१० च्या एका अभ्यासात, आधी खोटे बोललेल्या मुलांकडून ‘खरे सांगेन’ असे वचन घेतल्यावर त्यांनी खरे सांगण्याची शक्यता बरीच वाढलेली आढळली.

शिवाय आपले वागणे मुले पाहतच असतात. नाशिकहून त्र्यंबकला जाणाऱ्या एसटीत वाहक जवळ येताच आठवीतल्या मुलाला कोपराने ढोसून ‘अकरा सांग’ म्हणणारे वडील (अर्धे तिकीट १२ वर्षांपर्यंतच) पुढे प्रगतिपुस्तकावरील खोट्या सहीबद्दल त्यालाच फटकावतात, हे मला अनाकलनीय वाटते.

दप्तरात दडवलेली चाचणीची उत्तरपत्रिका आपल्याला सापडलेली असताना ‘गुण कळले का रे?’ असे साळसूदपणे विचारून मुलाला खोटे बोलण्याच्या कोपऱ्यात ढकलण्यापेक्षा, ‘गणिताचा पेपर पाहिला, जेवण झाल्यावर त्यावर बोलू’ असे सरळ सांगावे.