पुनरुत्थान, पुनरुज्जीवन आणि ‘आशा धरणे’

प्रश्न
मैत्रिणीची आई गेली. घर ख्रिस्ती आहे. सांत्वनाचं पत्र लिहायला घेतलंय आणि एका वाक्यावर अडलेय : ‘आईंच्या पुनरुज्जीवनाची आशा तुम्हाला बळ देवो.’ पुनर्जन्म नको एवढं कळतं, पण पुनरुज्जीवन चालेल की पुनरुत्थानच हवं? शिवाय इथे ‘आशा’ मला जरा तकलादू वाटते. ‘गाडी वेळेवर येईल अशी आशा आहे’ यातली आशा आणि ही, एकच का?

उत्तर
पुनरुत्थानच हवं. पुनर्जन्मात देहही नवा आणि माणूसही नवा. पुनरुज्जीवन म्हणजे गेलेला जीव परत येणं, होतं ते पुन्हा सुरू होणं. म्हणून तर आपण बंद पडलेल्या संस्थेचंही पुनरुज्जीवन करतो. पुनरुत्थानात माणूस तोच उठतो, पण पुन्हा न मरण्यासाठी.

हा फरक बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात अगदी कापडाचोपडासकट दिसतो. 11व्या अध्यायात येशूने मेलेल्यातून उठवलेला त्याचा मित्र लाजर चार दिवसांनी कबरेबाहेर येतो तो हातपाय बांधलेले, तोंडाला रुमाल गुंडाळलेला असा. इतरांनी त्याला मोकळं करावं लागतं. 20व्या अध्यायात येशूच्या कबरेत मात्र तागाची वस्त्रं नुसती पडलेली आहेत आणि डोक्याचा रुमाल गुंडाळून वेगळा ठेवलेला आहे. तिथे कुणाला काही सोडवावं लागलेलं नाही. लाजर परत आला तो याच मर्त्य आयुष्यात. पुढच्याच अध्यायात मुख्य याजक त्यालाही मारायचा बेत करतात. ख्रिस्ताबद्दल त्याचा प्रेषित पौल रोमकरांना पत्रात लिहितो की तो आता पुन्हा मरणार नाही. लाजराचं झालं ते पुनरुज्जीवन म्हणा हवं तर. तुमच्या मैत्रिणीचा विश्वास आहे तो दुसऱ्या प्रकारावर.

व्युत्पत्तीही छान जुळलीय. उत्थान म्हणजे उत् + स्था, उठून उभं राहणं. मूळ ग्रीक शब्द अनास्तासिस. त्यातला ‘स्ता’ आणि आपला ‘स्था’ एकाच कुळातले.

पुरवणी
याच ओघात ‘चिरनिद्रा’ टाळा. शोकसंदेशांत तो सर्रास येतो, पण चिर म्हणजे कायमची, म्हणजे उठणं नाहीच. ख्रिस्ती वापरात ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ म्हणतात, आणि त्यातली झोप जाग येणारी आहे. कब्रस्तानासाठीचा जुना ग्रीक शब्द कोइमेतेरिओन, म्हणजे निजण्याची जागा. इंग्रजीतला सेमेटरी तिथूनच आला.

शंका
म्हणजे मृत्यूला झोप म्हणून विषय गोड करून टाकायचा? माझा भाऊ गेला तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण हेच सांगायचा, ‘तो झोपलाय, पुनरुत्थान आहे, रडायचं नाही.’ शब्द खरा असेलही, पण तेव्हा तो तोंडावर हात ठेवल्यासारखा वाटायचा.

उत्तर
तुमचा आक्षेप रास्त आहे, आणि तो शब्दापेक्षा वापरावर आहे. लाजराच्याच गोष्टीत येशू आधी म्हणतो की आपला मित्र झोपला आहे. शिष्यांना वाटतं, झोप लागली म्हणजे बरा होईल. मग तो आडपडदा न ठेवता सांगतो : लाजर मेला आहे. मृदू शब्दाने गैरसमज होतोय म्हटल्यावर त्याने तो धरून ठेवला नाही. आणि लाजराला उठवायला निघालेला तोच माणूस कबरेकडे जाताना रडतो. मराठी बायबलमधलं ते वचन दोनच शब्दांचं आहे : येशू रडला.

थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 4थ्या अध्यायात पौलही ‘शोक करू नका’ एवढ्यावर थांबत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असं तो म्हणतो. लोक वाक्याचा पहिला भाग तोडून आणतात आणि माणसाला गप्प बसवतात. (सांत्वनाच्या भाषेत अशी अर्धी वचनं फार.)

आता ‘आशा’. मराठीत ती खरंच दुबळी झालीय. आशा वेडी असते, कुणीतरी आपल्याला आशेला लावतं. बायबलमधला आशेसाठीचा ग्रीक शब्द एल्पिस खात्रीच्या बाजूला झुकतो. बायबलमधल्याच ‘इब्री लोकांस पत्र’ यात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. नांगर तारवाचा बरं का, शेतातला नव्हे. पण आपल्याकडे ‘आशा धरणे’ हे क्रियापद आहे आणि ते जोरकस आहे. ‘आशा आहे’ म्हटलं की अंदाज वाटतो, ‘आशा धरली आहे’ म्हटलं की माणसाने काहीतरी पकडून ठेवलंय असं वाटतं. शोकात ते पकडणं रोज तेवढं घट्ट नसतं, आणि ‘धरणे’मध्ये त्यालाही जागा आहे.

प्रश्नकर्ती
मग असं लिहू? ‘आईंची उणीव भासणारच. मनसोक्त रडा. पुनरुत्थानाची जी आशा आईंनी आयुष्यभर धरली, ती तुम्हालाही धरून ठेवो.’

उत्तर
चांगलं झालंय. ‘मनसोक्त’ तेवढं काढा. तो शब्द हसण्या-खाण्याबरोबर शोभतो. ‘रडावंसं वाटेल तेव्हा रडा’ पुरे. आणि वर नावाआधी सवयीने ‘कै.’ पडू देऊ नका. कैलासवासी तिथे बसत नाही; ‘ख्रिस्तवासी’ लिहा, नाहीतर नुसतं नाव.