नोराचा शेवटचा प्रवेश भाषण का वाटतो?

धरमपेठकर:
राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रासाठी नॉर्वेजियन नाटककार इब्सेनचं ‘अ डॉल्स हाउस’ मराठीत बसवतोय. दोन अंक रंगतात. तिसऱ्यात घर सोडण्याआधी नोरा नवऱ्यासमोर, हेल्मरसमोर बसली की नाटक थांबून परिसंवाद सुरू झाल्यासारखं होतं. ‘ही अचानक कशी बदलली?’ असं परीक्षक विचारणारच. संहिता कापू का? शिवाय शेवटी ती निघून जाताना दार आपटलं की सेटची अख्खी भिंत, म्हणजे फ्लॅट, हलतो आणि हशा पिकतो.

विंगेतला:
कापू नका भाऊ. वडिलांची खोटी सही करून नोराने ज्याच्याकडून गुपचूप कर्ज काढलं, त्या क्रोगस्टाडचं दुसरं पत्र येतं, कर्जरोखा परत मिळतो आणि हेल्मर ओरडतो, ‘मी वाचलो!’ नोरा विचारते, ‘आणि मी?’ तो म्हणतो, ‘तूसुद्धा, अर्थात.’ बदल इथेच होतो, टेबलाशी फक्त कळवला जातो. नट मंडळी ही जागा घाईत उडवतात. तिथे चार-पाच सेकंद थांबा.

मग ती नाचाचा पोशाख उतरवायला आत जाते. कपडे खरोखर बदला, नुसती शाल पांघरून भागवू नका. परतल्यावर दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसतात, संहितेतच तसं आहे. नोराने उठून प्रेक्षकांकडे तोंड केलं की भाषण झालंच समजा.

आणि टपालपेटीच्या कुलपात हेल्मरला मोडलेली हेअरपिन सापडते, नोरा ते मुलांवर ढकलते, ते वाक्य ठेवाच. पहिल्या अंकात मॅकरून (गोड बिस्किटं) खाल्ले नाहीत म्हणून थाप मारते, तीच सवय.

अहो_अगं:
संबोधनं बघा. मूळ नॉर्वेजियनमध्ये दोघंही एकेरीत बोलतात. मराठीत आधी ‘अहो’ ठेवून शेवटी ‘तू’वर आलात तर ते नुसतं भांडण वाटेल. उलट करा: आधी ‘तू’, कपडे बदलून आल्यावर ‘तुम्ही’. परक्या पुरुषाच्या घरात रात्र काढणार नाही, असं ती पुढे म्हणतेच.

आणि कथा आजच्या नागपुरात आणली असेल तर कर्जाची गाठच सैल होते. तेव्हा नॉर्वेत बाईला नवऱ्याच्या संमतीवाचून कर्ज काढता येत नसे. म्हणून ४,८०० क्रोनरच्या रोख्यावर जामीनदार वडील. ते गेले २९ सप्टेंबरला, सही २ ऑक्टोबरची! आज बायको स्वतः बँकेत जाईल. नाटकाचा मूळ काळ, १८७९च राहू द्या.

धरमपेठकर:
‘तू’वरून ‘तुम्ही’, हे पटलं. मुलांसाठी ती थांबते असा शेवट केला तर?

अहो_अगं:
१८८० मध्ये जर्मनीतल्या नटीने मूळ शेवट करायला नकार दिला, तेव्हा इब्सेनने स्वतःच तसा लिहून दिला होता. त्याला तो रानटी वाटायचा. नकोच.

विंगेतला:
आता दार. रंगसूचनेत दणका खालून येतो, कारण घर वरच्या मजल्यावर आहे. बंद होतं ते रस्त्यावरचं दार, म्हणून मंचावरचं दार नोराने हळूच ओढायचं. मागे हेल्मर खुर्चीत कोसळतो, हाका मारतो, उठून रिकामी खोली बघतो, क्षणभर आशा वाटते, आणि तेवढ्यात दणका. मधे पंधराएक सेकंद जाऊ द्या.

आवाजासाठी विंगेत जड लाकडी चौकट, जाड फळी आणि लोखंडी कडी लावा. फ्लॅटला काहीच टेकू देऊ नका. रेकॉर्डिंग वापरणार असाल तर स्पीकर सेटच्या मागे जमिनीवर ठेवा, हॉलच्या स्पीकरमधून दार प्रेक्षकांच्या डोक्यावर बंद होतं. अंधार दणक्यानंतर एका श्वासाने. आधी केलात तर टाळ्यांत दणका बुडेल.