नागली आजीची, सिक्वेन्स कुणाचा?

नागलीची_भाकर:
आजोळ सुरगाण्याकडचं. आजी नागलीची भरदार कणसं उभ्या पिकातच हेरायची. बी राखेत घालून मडक्यात. कुणाला पायलीभर दिलं की सुगीनंतर पायली आणि वर मूठभर परत यायचं. आता त्याच बियाण्याचा सिक्वेन्स, म्हणजे त्याच्या डीएनएतल्या अक्षरांचा क्रम, खुल्या डेटाबेसमध्ये चढला की बी मागायला गावात कोण कशाला येईल? २०१० च्या नागोया करारात बी-वनस्पती वापरणाऱ्यानं फायद्यातला वाटा द्यायचं ठरलं, पण सिक्वेन्सच्या डाउनलोडचा हिशेब नव्हता. २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली शहरात जागतिक जैवविविधता परिषदेत ठरलं: औषधं, सौंदर्यप्रसाधनं, बियाणं अशा धंद्यांतल्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा १ टक्का किंवा उत्पन्नाचा ०.१ टक्का काली फंडात टाकावा, निदान अर्धा पैसा आदिवासी व स्थानिक समाजांसाठी. मला तर ही ती वरची मूठच वाटते.

पिपेट:
मी लॅबमध्येच असते. सिक्वेन्स फुकट आहेत म्हणून आमचं चालतं. जानेवारी २०२० मध्ये कोरोनाचा सिक्वेन्स जाहीर झाला आणि काही दिवसांत लसीचा आराखडा तयार. तिथे अर्ज भरत बसायचं? शिवाय हजारो सिक्वेन्स जुळवून एक जनुक हाती लागतं. त्यात सुरगाण्याचा वाटा कसा काढणार?

नागलीची_भाकर:
काढायचाच नाही, म्हणून तर सामायिक फंड. डेटा बघणं फुकटच. विद्यापीठं, सरकारी संशोधन संस्था यांच्याकडून पैसे मागितलेलेच नाहीत.

बागाईतदार_निफाड:
ताई, आमचं थॉमसन सीडलेस द्राक्ष तरी कुठं नाशिकचं? बाहेरून आलं, त्यावर अख्खा तालुका उभा राहिला. उद्या तिकडचे हिस्सा मागायला आले तर? परदेशी वाणांच्या रॉयल्टीनंच कंबर मोडलीय.

नागलीची_भाकर:
भाऊ, २ कोटी डॉलर मालमत्ता, ५ कोटी विक्री, ५० लाख नफा, यांतली दोन ओलांडली तरच तुमचा नंबर! आणि वाण काढणाऱ्याला रॉयल्टी मिळते, मग पिढ्यान्पिढ्या बी राखणाऱ्यानं काय घोडं मारलंय?

खुसपट:
हे सगळं ऐच्छिक आहे, ते सोयीनं गाळलंत. म्हणजे दानपेटी. आणि २००२ च्या कायद्यानं गावोगाव जैवविविधता समिती आणि नोंदवही आली. आमच्या गावची उघडून पाहिली. नागलीपुढे वाण: ‘स्थानिक’. बस. पैसे आले तरी कुठल्या आजीच्या नावावर टाकणार?

नागलीची_भाकर:
दानपेटी, मान्य. सक्तीच हवी होती. नोंदवहीचं मात्र झोंबलं. मामीकडे अजून तीन मडकी आहेत, नावं तिलाच ठाऊक. दिवाळीत जाऊन लिहून घेते.

पिपेट:
चिमूटभर बी मला देशील?

नागलीची_भाकर:
मामीला विचार. ती वरची मूठ मागेल.